बांध आपला, खडक ध्रुवावरचा: जमीन सरकते आणि वर येते, ती मोजतात कशी?

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: "सर, दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. मागच्या महिन्यात रोव्हरने मोजणी झाली. भूकरमापक म्हणाले, दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत बरोबर असते. मी बी.एस्सी.ला भूगोल घेतला आहे. पुस्तकात आहे की भारताचा भूपट्ट वर्षाला पाच सेंटीमीटर सरकतो. मग वर्षभरात आमचा बांध चुकला का? शिवाय अंटार्क्टिका आणि ग्रीनलंडची जमीन वर येते आहे आणि ते उपग्रहांनी मिलिमीटरमध्ये मोजतात, असं वाचलं. जिथे सगळा बर्फच, तिथे जमीन मोजतात कशी?"

आधी बांधाचं सांगतो, कारण घरात चिंता त्याचीच असणार. बांध चुकलेला नाही. तुमचा दगड सरकला तसा शेजाऱ्याचाही सरकला, दोघांच्या मधली विहीर सरकली, आणि ज्या कायमच्या स्टेशनावरून रोव्हरला, म्हणजे उपग्रहांवरून जागा काढणाऱ्या त्या यंत्राला, दुरुस्ती मिळाली तेही तेवढंच, त्याच दिशेला सरकलं. एका बैलगाडीत बसलेल्या दोघांमधलं अंतर गाडी चालली म्हणून वाढत नाही. रोव्हर तेच अंतर मोजतो.

तरी तुमच्या शंकेत दम आहे. नकाशाच्या कागदावर कोणी नुसते अक्षांश-रेखांश आठ दशांशांपर्यंत लिहून ठेवले आणि ते सबंध पृथ्वीसाठी ठरवलेल्या चौकटीतले (चौकट म्हणजे जागा कशापासून मोजायची हे ठरवणारा आधार) असले, तर ते आकडे शिळे होतात. त्या चौकटीत आपण ईशान्येकडे वर्षाला साधारण पाच सेंटीमीटर चाललो आहोत, म्हणजे वीस वर्षांत एक मीटर. ऑस्ट्रेलिया आपल्याहून जोरात, वर्षाला सात सेंटीमीटर जातो. तिथे १९९४ च्या चौकटीवरून २०२० च्या चौकटीवर येताना देशभरातले सहनिर्देशक सुमारे १.८ मीटरने बदलावे लागले. जमीन कोणाचीच गेली नाही, आकडे गेले.

मी नाशिकचाच, आता निवृत्त. नोकरीचा बराचसा काळ जीपीएसचा डेटा चाळण्यात गेला, आणि दोन उन्हाळे अंटार्क्टिकावर मैत्री स्टेशनात. तिकडचे उन्हाळे, म्हणजे आपले डिसेंबर-जानेवारी. इतकी वर्षं काम करून मला एक प्रश्न चिकटला आहे. कोणी म्हटलं, "अमुक जागा इतकी हलली," की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "कशाच्या सापेक्ष?" घरचे वैतागतात. पण ध्रुवावरच्या मोजणीत निम्मी भानगड ह्याच प्रश्नाची आहे, म्हणून तो धरूनच पुढे जातो.

बर्फाबद्दल तुम्ही विचारलंत ते अगदी नेमकं आहे. बर्फावर अँटेना लावला तर बर्फाचा वेग मिळतो, जमिनीचा मिळत नाही. दक्षिण ध्रुवावर अमेरिकेचं अमुंडसेन-स्कॉट स्टेशन आहे. त्याच्या पायाखाली पावणेतीन किलोमीटरच्या आसपास जाडीचा बर्फ आहे, आणि तो वर्षाला सुमारे दहा मीटर वाहतो. 'हा भौगोलिक ध्रुव' असं दाखवणारा खांब त्यामुळे दरवर्षी १ जानेवारीला उपटून नव्या जागी रोवावा लागतो. ध्रुव जागेवरच असतो, खांब वाहून गेलेला असतो. ज्या जमिनीची हालचाल वर्षाला सेंटीमीटरभर, तिच्यावर दहा मीटर वाहणारी गादी घातलेली आहे. अशा गादीवर बसून खालच्या फरशीबद्दल काय सांगणार?

आपला स्वतःचा धडा दक्षिण गंगोत्रीचा. १९८३-८४ मध्ये उभारलेलं भारताचं पहिलं स्टेशन बर्फावर होतं. काही वर्षांत ते बर्फाखाली गाडलं गेलं आणि १९९० मध्ये सोडावं लागलं. मैत्री १९८९ पासून खडकावर आहे. जागा शिर्माकर ओअ‍ॅसिस: सगळीकडे बर्फ, त्यात पस्तीसेक चौरस किलोमीटरचा उघडा खडक आणि शंभराहून जास्त तळी. 'ओअ‍ॅसिस' म्हटल्यावर खजुराची झाडं डोळ्यांसमोर येतात, इथे शेवाळ दिसलं तरी लोक फोटो काढतात. तिसरं स्टेशन भारती, २०१२ पासून, लार्समन टेकड्यांमध्ये, तेही खडकावरच.

अंटार्क्टिकाचा एक टक्क्याहूनही कमी भाग असा उघडा आहे. कुठे किनाऱ्याची पट्टी, कुठे बर्फातून डोकं वर काढलेली डोंगराची टोकं. या टोकांना ग्रीनलंडच्या लोकांच्या भाषेतून आलेला शब्द आहे, नुनाताक. मोजणीचं सगळं जाळं त्या टोकांवर टांगलेलं आहे, आणि जिथे टोक नाही तिथे हजार-हजार किलोमीटर काहीच नाही.

टोक सापडलं म्हणून काम झालं असंही नाही. गोठणं-वितळणं इतकं चालतं की घराएवढा दगडही मूळ खडकापासून सुटलेला असू शकतो. वरून पाहून कळत नाही. आमच्याबरोबरचा भूवैज्ञानिक हातोडा घेऊन फिरायचा. टणटण वाजलं तर पुढे बोलायचं, बद्द वाजलं तर दुसरी जागा. आपल्याकडे आजी माठ घेताना वाजवून बघते, तसंच. पहिल्या मोहिमेत आमचे तीन दिवस नुसते दगड वाजवण्यात गेले. मग खडकात भोक पाडून स्टेनलेस स्टीलचा दांडा रासायनिक चिकटद्रव्याने बसवायचा, आणि त्यावर अँटेना असा आवळायचा की पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणी काढून परत लावला तरी केसभर फरक पडू नये.

आता उपग्रहांकडे वळू. तुमच्या मोबाइलला तीन ते पाच मीटरची चूक चालते, कारण तो उपग्रहाने पाठवलेला सांकेतिक संदेश वाचतो. आम्ही तो संदेश ज्या लहरीवर बसून येतो ती लहरच मोजतो. जीपीएसची एक लहर १९ सेंटीमीटर लांब, दुसरी २४ सेंटीमीटरच्या जरा वर. एका लहरीचा शंभरावा भाग ओळखता येतो, म्हणजे दोन मिलिमीटर. अडचण अशी की ही फुटपट्टी बिनआकड्यांची आहे, नुसत्या रेघा. उपग्रह वीस हजार किलोमीटरवर, मधे कोट्यवधी लहरी, आणि त्या किती ते कोणी सांगत नाही. अनेक उपग्रह, अनेक तास, अनेक स्टेशनं एकत्र सोडवली की तो पूर्णांक पकडता येतो. तुमच्या बांधावर रोव्हरची पाटी 'फिक्स' दाखवते तेव्हा आत हेच झालेलं असतं. त्यासाठी भूकरमापक थांबतो मिनिटभर, आम्ही थांबतो चोवीस तास, आणि तसे दिवस हजारो जोडतो. शिवाय उपग्रह त्या क्षणी कुठे होता ते जगभरच्या स्टेशनांनी मागाहून काढलेलं असतं, दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत अचूक. दोन लहरी लागतात कारण वरच्या विद्युतभारित थरातून जाताना दोघींना वेगवेगळा उशीर होतो आणि त्या फरकावरून तो थर वजा करता येतो. ध्रुवावर हा थर भारी खोडकर. ज्या रात्री आकाशात ध्रुवीय प्रकाशाचे हिरवे पडदे हलतात, त्या रात्री सगळे बाहेर कॅमेरे घेऊन उभे असतात आणि रिसीव्हर लहरींची मोजणी मधेच सोडून देत असतो.

ध्रुवाची खरी कटकट मात्र आकाशाच्या आकाराची आहे. जीपीएस उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताला ५५ अंशांनी कललेल्या आहेत. ५५ अक्षांशाच्या पलीकडे ते जातच नाहीत. नाशिकला उपग्रह डोक्यावरून जातात, फक्त उत्तरेला खाली एक रिकामी जागा राहते. दक्षिण ध्रुवावर उभे राहिलात तर एकही जीपीएस उपग्रह क्षितिजापासून पंचेचाळीस अंशांच्या वर चढत नाही. डोक्यावर भलं मोठं भोक. रशियाच्या ग्लोनासची कक्षा जवळजवळ ६५ अंशांनी कललेली, त्यामुळे ते भोक थोडं बुजतं. युरोपचा गॅलिलिओ ह्या बाबतीत जीपीएससारखाच. आपला नाविक इथे कामाचा नाही, तो भारत आणि भोवतालच्या दीड हजार किलोमीटरसाठी बांधलेला आहे.

त्याने काय बिघडतं? उंची. पूर्व-पश्चिम मोजताना उपग्रह दोन्ही बाजूंना असतात, एकीकडची चूक दुसरीकडची खाऊन टाकते. उंची मोजताना सगळे उपग्रह एकाच बाजूला, वर. खाली पृथ्वी आडवी. म्हणून उंचीतली चूक आडव्या मोजणीच्या दोन-तीन पट असते, ती नाशिकलाही असते. ध्रुवावर त्यात भर पडते. उंची, घड्याळाची चूक आणि हवेमुळे झालेला उशीर ह्या तीन गोष्टी एकमेकींपासून सोडवायच्या तर काही उपग्रह खाली आणि काही डोक्यावर हवेत. सगळेच बुटके असले की तिघी एकमेकींच्या गळ्यात पडतात. एक गोष्ट तेवढी बाजूची: ध्रुवावरची हवा कोरडी. हवेमुळे डोक्यावरच्या उपग्रहाचा संदेश सुमारे सव्वादोन मीटर लांबल्यासारखा दिसतो, पण तो बहुतेक भाग दाबावरून हिशेबात धरता येतो. हिशेबात न बसणारी असते ती बाष्पाची करामत. जुलैत इगतपुरीला अँटेना लावून बघा म्हणजे कळेल.

आणि हिवाळा. मैत्रीला सूर्य सुमारे दोन महिने उगवत नाही. स्टेशनात वीज आहे हो, पण दूरच्या नुनाताकवर कोण देणार? तुमच्या ड्रिपच्या पंपाला असतं तसंच सोलर पॅनल तिथे असतं, फक्त जवळजवळ उभं लावलेलं, कारण सूर्य क्षितिजाशी खेळत राहतो आणि बर्फावरूनही ऊन परततं. हिवाळ्यात बॅटऱ्यांचा ढीग, त्याही थंडीने निम्म्या होतात. कुठे वाऱ्यावरची छोटी पंखा-चक्की, जिला तिथला वारा एखाद्या रात्री मोडून ठेवतो. डेटा रोज थोडाथोडा ध्रुवांवरून फिरणाऱ्या इरिडियम उपग्रहांतून येतो. आपल्या टीव्हीच्या डिशचे उपग्रह विषुववृत्तावर आहेत, ध्रुवावरून ते क्षितिजाखाली जातात.

अँटेनावर हिमाचा थर बसला तर लहरीला उशीर होतो आणि हिशेबात खडकाची उंची बदललेली दिसते. मग वसंतात बर्फ गळतो आणि 'खडक' पुन्हा जागेवर येतो. असा एक झोका मी माझ्या पहिल्या वर्षी मोठ्या उत्साहाने वरिष्ठांना दाखवला होता. त्यांनी आलेखाकडे न बघता विचारलं, "तिथला बर्फ खरवडला कधी?"

त्याहून मोठी फजिती दुसऱ्या मोहिमेत झाली, आणि ती सर्वस्वी माझी. एका जागी तात्पुरता तिपाई लावून मोजलं होतं. अँटेनाची उंची टेपने मोजली ती तिरकी, अँटेनाच्या कडेपर्यंत, आणि वहीत लिहिली ती उभी म्हणून. दोन-तीन सेंटीमीटरचा फरक. घरी येऊन गणित केलं तर खडक एका वर्षात तेवढा बुडालेला. दोन आठवडे मी बर्फवृष्टी, भूकंप, काय काय शोधत होतो. शेवटी जोडीदाराने काढलेल्या एका फोटोत टेप तिरका दिसला. तेव्हापासून मी नवीन मुलांना यंत्राआधी वही देतो. अँटेना बदलला, तारीख लिही. टोपण बदललं, तारीख लिही. जगभरच्या आलेखांतल्या कितीतरी पायऱ्या जमिनीच्या नसतात, पान्याच्या असतात.

एवढं सगळं जमलं की हातात येतो ठिपक्यांचा आलेख, रोज एक ठिपका. आडव्या दिशेत ठिपका दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे, उभ्या दिशेत सहा ते दहा. त्यातून वर्षाला एक-दोन मिलिमीटरचा कल काढायचा. ऋतूंचा झोका त्यात मिसळलेला असतो, म्हणून अडीच वर्षांपेक्षा कमी डेटावरच्या उंचीच्या वेगावर मी काडीचाही विश्वास ठेवत नाही. आडव्या वेगाबद्दल मी इतका खट नाही.

सरकणं आधी घेऊ, ते सोपं आहे. गंमत अशी की खंड सरकतात हे मोजायचा पहिला प्रयत्न ध्रुवीय प्रदेशातच झाला. आल्फ्रेड वेगेनर १९०६ ते १९०८ ग्रीनलंडच्या मोहिमेवर होता. तिथली रेखांशं १८२३, १८७० आणि १९०७ अशी तीनदा मोजलेली होती. ती ताडून त्याने ग्रीनलंड युरोपापासून वर्षाला कित्येक मीटर दूर चाललाय असं मांडलं. मोजणी चंद्रावरून वेळ काढून केलेली. तिच्यातली चूकच शेकडो मीटरची. आज जीपीएस सांगतं, वेग वर्षाला दोनेक सेंटीमीटर. आकडा शेकडो पटींनी चुकला, कल्पना खरी निघाली. १९३० मध्ये ग्रीनलंडच्याच बर्फावर त्याचा अंत झाला.

अंटार्क्टिकाचा पट्टा आळशी आहे. आपण पाच सेंटीमीटर धावतो, तो एक-दीडच्या आत. त्याच्या भोवती जवळजवळ सगळीकडून समुद्रतळ फाटून नवा होतोय, त्याला खाली ओढून नेणारी खोल घळ फारशी नाही. म्हणजे बंगळुरू आणि मैत्री यांच्यातलं अंतर वाढतंच आहे, आणि ते वाढवण्याचं बरंचसं काम आपण करतो. कधीकाळी आपला पूर्व किनारा त्याला चिकटलेला होता. पांडवलेणी ज्या काळ्या दगडात कोरली आहेत तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला, तेव्हा हा सगळा प्रदेश विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. आजच्या वेगाने इथवर यायला तेवढा वेळ पुरला नसता. तेव्हा आपण जोरात होतो.

आता वर येणं. इथे जरा थांबू या, कारण पुस्तकात ह्याला एक परिच्छेद असतो आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र ढकललेल्या असतात.

गादीवर कोणी बसलं की ती दबते, उठलं की लगेच वर येते. पृथ्वीचं कवच असं वागतं. ग्रीनलंडचा बर्फ ह्या उन्हाळ्यात वितळला की काठचा खडक ह्याच उन्हाळ्यात वर येतो, आणि हिवाळ्यात हिम साठलं की किंचित खाली जातो. तिथल्या किनाऱ्यावर पन्नासहून जास्त स्टेशनं आहेत. त्यांचे आलेख पाहिले तर बेट श्वास घेतंय असं वाटतं, आणि दरवर्षीचा श्वास आधीच्यापेक्षा वर संपतो.

दुसरी गोष्ट कणकेची. मळलेल्या कणकेत बोट दाबून काढा. खळगा हळूहळू भरतो. कवचाखालचं प्रावरण असं वाहतं, फक्त हजारो वर्षांच्या हिशेबाने. शेवटचं हिमयुग सुमारे २१,००० वर्षांपूर्वी ऐन भरात होतं. स्वीडन-फिनलंडवरचा तेव्हाचा बर्फ कधीच गेला, तरी बोथनियाच्या आखाताच्या काठी जमीन आजही वर्षाला एक सेंटीमीटरच्या आसपास वर येते. कॅनडात हडसन उपसागराभोवतीही तसंच. आंडर्स सेल्सिअस, तोच तापमापीवाला, त्याने १७३१ मध्ये स्वीडनच्या किनाऱ्यावर एका खडकावर समुद्राच्या पातळीची खूण कोरली. पुढे पाणी खूण सोडून खाली गेलेलं दिसलं. त्याने निष्कर्ष काढला, समुद्र आटतोय. मोजणी बरोबर, पण कशाच्या सापेक्ष? खूण ज्या खडकावर होती तोच वर चालला होता.

ध्रुवावरच्या एखाद्या खडकावर गादी आणि कणीक दोन्ही एकाच वेळी काम करतात आणि अँटेनाला फक्त बेरीज दिसते. उत्तर ध्रुवाकडच्या, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं नी-ओलसुंड घ्या, जिथे भारताचं हिमाद्री स्टेशन २००८ पासून आहे. तिथली जमीन वर्षाला आठ-नऊ मिलिमीटर वर येते. त्यात जुन्या हिमयुगाचा वाटा आहे आणि आजूबाजूच्या हिमनद्या आज रोडावताहेत त्याचाही. वेगळे कसे करायचे? एक वाट अशी: आजचा बर्फ किती गेला ते दुसऱ्या उपग्रहांनी मोजायचं, त्याने गादी किती उचलली जाईल ते गणिताने काढायचं, आणि वजा करायचं. उरेल ती कणीक.

कधी निसर्गच प्रयोग करून दाखवतो. २००२ च्या मार्चपर्यंत अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पूर्वेकडची लार्सन-बी ही तरंगती हिमफळी काही आठवड्यांत फुटून गेली. तिने अडवलेल्या हिमनद्या समुद्राकडे धावल्या, डोंगरावरचं ओझं उतरलं. द्वीपकल्पाच्या पश्चिमेच्या पामर स्टेशनची जमीन आधी जेमतेम हलत होती. ती पुढच्या काही वर्षांत वर्षाला आठ मिलिमीटरपेक्षा जास्त वेगाने वर येऊ लागली. नुसत्या गादीने एवढं होत नाही. म्हणजे तिथली कणीक सैल आहे, हजारो नाही तर काही वर्षांत वाहणारी. २०१८ मध्ये पश्चिम अंटार्क्टिकातल्या अमुंडसेन समुद्राजवळचे आकडे छापून आले. तिथे एका जागी वर्षाला ४१ मिलिमीटर. चार सेंटीमीटर! आपला पट्टा आडवा जितका धावतो जवळजवळ तितक्या वेगाने तिथला खडक उभा चढतोय. मी स्वतः पहिल्यांदा तो आकडा वाचला तेव्हा मला वाटलं, कोणीतरी टेप तिरका धरला असणार. नव्हता धरला.

त्या भागातल्या हिमनद्या समुद्रसपाटीखालच्या तळावर टेकलेल्या आहेत. तळ वेगाने वर आला तर त्यांना टेकू मिळतो आणि माघार थोडी मंदावू शकते. 'थोडी' ह्या शब्दावर जोर द्या. हल्ली ह्यावरून 'पृथ्वी स्वतःच सावरेल' असं लिहिणारे भेटतात. बर्फ ज्या वेगाने जातोय त्यापुढे चार सेंटीमीटर हे फार नाही.

ह्या सगळ्याचा हिशेबाशी संबंध कुठे येतो ते सांगतो. २००२ मध्ये ग्रेस नावाचे दोन उपग्रह सोडले. एकामागे एक, सुमारे २२० किलोमीटर अंतराने. खाली वस्तुमान जास्त असलं की पुढचा आधी ओढला जातो, मग मागचा, आणि मधलं अंतर बदलतं. त्यावरून बर्फाचं वजन घटतंय का ते कळतं. २०१७ ला ते संपले, २०१८ पासून नवी जोडी आहे. पण कणीक परत भरते तेव्हा खालून दगड येतो, आणि उपग्रहाला बर्फाचं वजन आणि दगडाचं वजन वेगळं कळत नाही. दगडाचा वाटा वजा करावा लागतो. ग्रीनलंडमध्ये तो लहान, अंटार्क्टिकात एकेकाळी मोजलेल्या घटीएवढाच मोठा होता. २०१२ च्या सुमाराला खडकावरच्या जीपीएसशी जुळणारी नवी गणितं आली आणि अंटार्क्टिकाच्या घटीचा अंदाज बराच खाली आला. घट खरीच आहे, चुकला होता तो वजाबाकीचा आकडा. बर्फाच्या गोष्टीत खडकावरचा एकटा दांडा मधे येतो तो असा.

तुम्ही निसार ह्या भारत-अमेरिकेच्या रडार उपग्रहाबद्दलही विचाराल, ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला. तो रडारने बर्फ कसा वाहतो ते सुरेख दाखवतो. सबंध पट्टा सरकतोय ते मात्र त्याला नीट दिसत नाही, कारण रडार चित्राच्या आतल्या आत फरक बघतं आणि चित्रातलं सगळंच एकत्र सरकत असतं. पुन्हा तुमची बैलगाडी.

आणि सगळ्यात वरचा 'कशाच्या सापेक्ष': वर म्हणजे कुठल्या बिंदूपासून वर? पृथ्वीच्या वस्तुमानाच्या मध्यापासून. तो मध्य उपग्रहांवर लेझर सोडून केलेल्या मोजणीतून ठरतो. सबंध चौकट मात्र लेझर, जीपीएससारखे उपग्रह आणि क्वेसार नावाच्या अतिदूरच्या तेजस्वी बिंदूंकडे बघणाऱ्या रेडिओ दुर्बिणी अशा सगळ्यांच्या मोजणीतून उभी राहते, आणि तिची नवी आवृत्ती काही वर्षांनी निघते, सध्याची २०२० ची. चौकट उत्तर-दक्षिण अक्षावर वर्षाला अर्धा मिलिमीटर जरी घसरली, तरी दोन्ही ध्रुवांवर ती चूक सरळ उंचीत उतरते, एकीकडे अधिक, दुसरीकडे उणे. नाशिकला तिचा थोडासाच भाग उंचीत दिसतो. पूर्व अंटार्क्टिकात जमीन वर्षाला एखाद-दोन मिलिमीटरच हलते, तिथे हा अर्धा मिलिमीटर झोप उडवतो. शिवाय १९९८ च्या मार्चमध्ये बॅलेनी बेटांजवळ ८.१ परिमाणाच्या घरातला भूकंप झाला. त्याच्या धक्क्यानंतरची संथ हालचाल पूर्व अंटार्क्टिकाच्या मोठ्या भागात वर्षानुवर्षं दिसत राहिली. 'पट्ट्याचा आतला भाग ताठ असतो' हे वाक्य पाठ करा, पण फार मनावर घेऊ नका.

प्रकल्प करायचा असेल तर अमेरिकेतल्या नेवाडा विद्यापीठाची भूगणित प्रयोगशाळा जगभरच्या हजारो स्टेशनांचे रोजचे ठिपके फुकट देते. चार घ्या: बंगळुरू, पामर, डेव्हिस (पूर्व अंटार्क्टिकातलं ऑस्ट्रेलियाचं स्टेशन) आणि नी-ओलसुंड. आधी आडवी दिशा काढा, बंगळुरूची रेघ बघून घरच्यांना दाखवा. मग उंची. पामरच्या रेघेचा बाक २००२ नंतर कुठे येतो ते स्वतः शोधा. कल काढण्याआधी प्रत्येक पायरीची तारीख त्यांनी दिलेल्या अँटेना-बदलांच्या यादीशी ताडून बघा. बंगळुरूच्या उंचीत पावसाळ्याचा झोका शोधायलाही विसरू नका. हिमालयाच्या पायथ्याशी, नेपाळात, तो सेंटीमीटरच्या आसपास असतो. आपल्याकडेही गंगापूर, दारणा, मुकणे ही धरणं भरली, माती ओली झाली की जमीन जराशी दबते आणि उन्हाळ्यात उचलते. बर्फच हवा असं नाही, पाणीही ओझंच आहे.

आणि वडिलांना सांगा, मोजणीच्या नकाशावर तारीख, संदर्भ स्टेशनाचं नाव आणि आकडे कुठल्या चौकटीतले आहेत हे लिहिलेलं आहे का ते एकदा बघून घ्यायला. नसेल तर आत्ताच मागून घ्या, भूकरमापकाची बदली व्हायच्या आधी.